तेल थिजण्याचे दिवस

आज सकाळी कोनाड्यातली तेलाची बाटली उलटी केली, तर तेल खाली आलं नाही. आतल्या आत पांढरट पिवळं होऊन बसलं होतं. म्हणजे थंडी आली. तारीख काय झाली ते माझा मुलगा काशिनाथ भिंतीवर बघतो, किती अंश झाले ते नात मोबाइलवर बघते. मला बाटली पुरते.

हे मोहट्याचं तेल. मोहट्या म्हणजे मोहाच्या बिया. मोहाची फुलं सगळ्यांना ठाऊक असतात, कारण त्यांची दारू होते. बियांना कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो. पावसाच्या तोंडावर फळं गळतात. त्यातल्या बिया काढायच्या, वाळवायच्या, दगडानं फोडायच्या, आतला गर पुन्हा वाळवायचा, उखळात कुटायचा, वाफेवर ठेवायचा आणि गरम असतानाच दोन जाड लाकडांच्या मध्ये घालून दाबायचा. दाबायला दोन माणसं लागतात, आणि त्या दोघांचं भांडण झालेलं चालत नाही, कारण जोर एकाच दमात लावावा लागतो. आता बिया जव्हारला गिरणीत नेतात, तासाभरात काम होतं, भांडण झालेलंही चालतं. तेलाला वास असतो. शहरातल्या माणसाला तो सोसत नाही. आमच्या घरात पोर जन्मलं की अंगाला चोळतात ते हेच, त्यामुळे आम्हाला तो वास वाटतच नाही.

नात मनी सहावीत आहे. तिची चाचणी आली आहे. चुलीजवळ बसून, पुढं-मागं हलत ती पाठ करते.

“स्थायूला ठरावीक आकार असतो. द्रवाला स्वतःचा आकार नसतो. ज्या भांड्यात ओतावा त्या भांड्याचा आकार तो घेतो.”

“मग हे काय?” मी बाटली तिच्यापुढं धरली.

“हा स्थायू.”

“आणि काल दुपारी भाजीत घातलं ते?”

“तो द्रव.”

“एकाच बाटलीतलं ना?”

“आजी, तापमान बदललं की अवस्था बदलते. तुला चौथीत हे नव्हतं.”

नव्हतं. आम्हाला चौथीत पाढे होते, कविता होत्या आणि शनिवारी शाळा सारवायची होती. सारवण्यात मी पहिली यायचे. पाचवीला जव्हारला जावं लागणार होतं, म्हणून पाचवी झाली नाही. त्याचं मी आता काही रडत नाही.

आतून यमुना म्हणाली, “तुझ्या आजीला समदं ठाऊक हाय. तिला वाटीचं विचार.” आणि हसली.

यमुना माझी सून, मनीची आई. ती तशी हसली की तिला काय आठवलं ते मला कळतं. मनीनं मान वर केली. “कुठली वाटी?”

“अभ्यास कर,” मी म्हणाले आणि बाहेर ओट्यावर आले.

बाहेर सगळा धूर खाली बसला होता. थंडीत चुलीचा धूर वर जात नाही. छपरातून निघतो, दोन हात चढतो आणि मग दमलेल्या माणसासारखा उतारावर पसरतो. खालच्या पाड्याची नुसती छपरं दिसत होती. गोठ्यातला बैल श्वास सोडत होता आणि तो श्वास दिसत होता. मनीला विचारलं तर ती म्हणते, हा वायू नव्हे, वायू दिसत नसतो. हे वाफेचे थेंब झालेत. मला शंका नाही, तसंच असेल. मी एवढंच बघते की बैलाचा श्वास दिसायला लागला की खुरासणी, म्हणजे कारळे, काढायला झालेली असते, आणि गवतावर एवढं दंव असतं की शेतात पोहोचेपर्यंत लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजतो. नऊ वाजता तेच गवत कोरडं. दंव कुठं गेलं कोणी पाहिलेलं नसतं.

पुस्तकात गोठणं आणि वितळणं, असे दोन शब्द घेऊन सगळं भागवलेलं आहे. आमचं तेवढ्यावर भागत नाही. पाणी गोठतं, पण तेल थिजतं. रक्त साकळतं. मीठ पावसात पाघळतं. गूळ पाझरतो. नागलीची आंबील आळते. या आंबिलीचं मला लहानपणापासून नवल आहे. ढवळत राहावं, ढवळत राहावं, नुसतं मळकं पाणी फिरत असतं, वाटतं आज काही जमत नाही. आणि मग एकाएकी पळी जड होते. त्या आधी पाणी होतं, त्यानंतर आंबील. मधली वेळ मी पन्नास वर्षं ढवळूनही पकडली नाही.

मी मूळची जामसरची. जामसरला थंडी पडते, पण ती पाहुण्यासारखी पडते. सकाळी येते, दुपारी जाते. तिथं मोहट्याचं तेल फार तर दाटसर होतं. सूर्यमाळला मी लग्न होऊन आले ती पौषात आले, आणि पहिल्या सकाळी बाटलीतून तेल पडेना म्हणून मी ती दगडावर आपटली. बाटली फुटली. तेल बाटलीच्याच आकाराचं जमिनीवर उभं राहिलं. सासूनं बघितलं आणि म्हणाली, “बरं झालं, तेल तरी शहाणं हाय.”

याच सासूची एक रीत होती. पाड्यात बाकी कोणाकडं नव्हती, तिचीच. नव्या सुनेनं पहिल्या वर्षी तेल काढलं की थंडीत त्याची काशाची वाटी भरून रात्रभर ओट्यावर ठेवायची. सकाळी, ऊन यायच्या आधी, सुनेला खाली बसवायचं आणि वाटी तिच्या डोक्यावर पालथी धरायची. तेल खरं असलं तर थिजलेलं असणार, थेंब पडणार नाही. त्यात खुरासणीचं किंवा दुकानातलं काही मिसळलं असलं तर ते सरळ डोक्यावर येणार, कारण ती तेलं आमच्या थंडीत थिजत नाहीत. सुनेला आधी काही सांगायचं नाही. माझ्या डोक्यावर धरली तेव्हा मी घाबरून डोळे मिटले होते. काही पडलं नाही. सासू म्हणाली, “ऊठ. आजपासून तेलाची बाटली तुझ्याकडं.” तिच्याकडून मला मिळालेला मान तेवढाच. मी तो विसरले नाही.

यमुना घरात आली त्याला वीस वर्षं होऊन गेली. दाभोशाची. नदीकाठची माणसं ती, भात चांगलं पिकतं, हवा उबदार. मुलगी बोलायला कमी आणि कामाला पुरी. उन्हाळ्याच्या शेवटी मोहट्या वेचल्या, आणि तेल काढताना लाकडाच्या एका टोकाला मी होते, दुसऱ्या टोकाला ती. एकाच दमात जोर लागला. तेव्हाच मला ती आवडली होती. तसं मी तिला सांगितलं नाही. सांगायची आमच्यात पद्धत नाही, आणि असती तरी मी पाळली नसती.

मी ओरडायचे मात्र खूप. वस्तू जागच्या जागी लागतात मला. पळी इथं, विळा तिथं, सूप खुंटीला. तिनं काही हलवलं की मी सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं बोलायचे. ती ऐकून घ्यायची आणि वस्तू परत ठेवायची.

त्या पौषात माझी मुलगी हिरा दिवसांत होती. तिला जामसरलाच, माझ्या माहेरच्या गावी दिलेली. दुसरं बाळंतपण, सासरीच होणार होतं. आठ-दहा दिवसांत मोकळी होईल असा निरोप होता. बाळाला आणि बाळंतिणीला चोळायला तेल आमच्याकडून जायचं होतं, यमुनानं काढलेलं. मी ठरवलं, नेण्याआधी वाटीची रीत करून घ्यावी. मग मानानं तिच्याच हातात बाटली द्यावी आणि तिलाच जामसरला पाठवावी.

रात्री वाटी भरून ओट्यावर कुडाजवळ ठेवली. सकाळी शेजारच्या दोघी बायांना बोलावून आणलं. कौतुक करायचं तर बघायला कोणी हवं. माझ्या हातांना थंडीनं भेगा पडलेल्या, म्हणून वाटी पदरात धरून उचलली. वाटीत मी बघितलंही नाही. एवढा माझा विश्वास होता. हे मी माझ्या बाजूनं सांगते आहे, कारण माझ्या बाजूनं सांगण्यासारखं त्या दिवशीचं दुसरं काही नाही.

“यमुना, बस खाली,” मी म्हणाले.

ती बसली. मी वाटी पालथी केली. सगळं तेल तिच्या डोक्यावरून कपाळावर, कपाळावरून नाकावर, हनुवटीवरून चोळीत गेलं. ती हलली नाही. डोळे मिटून तशीच बसली. शेजारच्या बायांतली एक हसली. दुसरी म्हणाली, “अगं बाई, हे तं पातळ.”

मग मी बोलले. आठ दिवसांपूर्वी तिचा भाऊ येऊन गेला होता, जाताना त्याच्या हातात एक डबा होता. मी म्हणाले, “भावानं किती नेलं? आणि वर दुकानातलं कधी ओतलंस?”

यमुनानं डोळे उघडले. पदरानं तोंड पुसलं. मग उठली, आत गेली, तोंड धुतलं, लुगडं बदललं आणि पिशवी घेऊन बाहेर आली.

“कुठं निघालीस?”

“भावाला विचारून येते,” ती म्हणाली.

आणि गेली. जीप थांबते तिथवर चालत अर्धा तास लागतो. काशिनाथ भिवंडीकडं कामाला होता, तिला अडवायला घरात कोणी नव्हतं. माझा नवरा होता. तो अडवणाऱ्यातला नव्हता. तो ओट्यावर विडी ओढत बसला होता. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर म्हणाला, “डब्यात तं लोणचं होतं. मीच भरून दिलं.”

हे लिहिता लिहिता मनी येऊन विचारून गेली, कापराचं उदाहरण घालू का. कापूर म्हणे मधे पातळ होतच नाही, घट्ट असतो तो एकदम हवा होतो. घाल म्हटलं. देवापुढच्या डबीत चार वड्या ठेवाव्यात आणि संक्रांतीला बघावं तर डबी रिकामी, नुसता वास. आमच्याकडं विहिरीचं पाणीही तसंच जातं. माघात हात बुडेल इतकं, चैत्रात तळाचा दगड. मग बाया हंडे घेऊन उतरतात, टँकरची वाट बघतात. पण पाणी जातं ते आम्हाला दिसत तरी असतं, रोज एक पायरी. घरातून माणूस गेलं की पायऱ्या नसतात. सकाळी तिघांची भाकरी, दुपारी दोघांची. मी सवयीनं जास्त थापल्या. एवढ्या कोण खाणार, असं नवऱ्यानं विचारलं नाही. त्यानं त्या खाल्ल्या.

संध्याकाळी तो म्हणाला, “पुन्हा ठेव.”

“काय?”

“वाटी. त्याच बाटलीतलं ठेव. एकदाच ठेवलीस तू. माझ्या आयसनं तुझ्या वेळी तीनदा ठेवली होती.”

हे मला ठाऊक नव्हतं. “तीनदा?”

“पहिल्या दोन दिवशी थंडीच पडली नव्हती. तिनं तुला उठवलंच नाय.”

मी वाटी ठेवली. रात्री दोनदा उठून बघायचं मनात आलं, उठले नाही. सकाळी पदर न घेता, उघड्या हातानं वाटी उचलली. जड होती, गार होती. बोटानं दाबलं. दगड. पालथी केली, हलवली, खाली ठोकली. तेल वाटीला सोडेना.

नवरा विडी विझवून म्हणाला, “झालं?”

“झालं.”

“मग आता?”

आता काय ते मला कळत होतं. आदल्या दिवशी ते पातळ का होतं हे कळत नव्हतं, पण तेल खरं होतं, एवढं कळत होतं. मी वाटी फडक्यात बांधली. वर अजून एक फडकं. विचार असा केला होता की दाभोशाला जायचं, यमुनाच्या आईच्या ओट्यावर बसायचं, गाठ सोडायची आणि वाटी सगळ्यांपुढं पालथी धरायची. बोलायचं काही नाही. चुकलं हे म्हणायला लागू नये म्हणून तर मी ती वाटी बरोबर घेतली होती.

सूर्यमाळहून खोडाळा, खोडाळ्याहून जव्हार, जव्हारला जीप बदलून दाभोसा. सकाळी निघालं तर दुपार होते. पहिल्या जीपमध्ये मी पुढं, इंजिनाच्या बाजूला बसले, पायाला ऊब लागत होती. वाटी मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती. आजूबाजूला माणसं चेपून बसलेली. खोडाळा सोडल्यावर ऊन आत आलं. मला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर थोडी झोपही लागली.

जव्हारच्या अलीकडं शेजारचा माणूस म्हणाला, “मावशी, तुमचं गाठोडं गळतंय.”

“गळायला काय पाणी हाय त्यात?” मी म्हणाले आणि खाली बघितलं. माझ्या लुगड्यावर तळहाताएवढा डाग, त्या माणसाच्या पायजम्यावर दुसरा. फडकं सोडलं. काठावर अजून थोडी साय होती आणि मधे तेल हलत होतं, गाडी हलेल तसं. मी बघत असतानाच ती सायसुद्धा गेली.

“गाडी थांबवा,” मी ड्रायव्हरला म्हणाले.

“उतरायचंय का?”

“नाय. जरा थंड होऊ द्या.”

गाडीतली सगळी माणसं हसली. ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, थंड व्हायला आता परत सूर्यमाळला जावं लागल.”

तसं करता आलं असतं. जव्हारला उतरून परतीची जीप पकडायची, उद्या पुन्हा वाटी थिजवायची. पण ती पुन्हा इथंच विरघळली असती. दाभोशाला ती थिजलेली पोहोचणारच नव्हती. काही केलं तरी नाही. जव्हारच्या स्टँडवर मी वाटी हातात घेऊन उभी होते, आणि हे नीट समजायला मला दोन जीप जाऊ द्याव्या लागल्या. तिसरीत बसले.

दाभोशाला यमुनाची आई अंगणात वालाच्या शेंगा पसरत होती. मला बघून कंबर सरळ केली.

“या विहीणबाई. भावाला विचारायला आलात? तो कामाला गेलाय. दिवस मावळता येईल.”

मी ओट्यावर बसले. वाटी पुढं ठेवली. निम्मी राहिली होती.

“काय हाय त्यात?”

“तेल.”

“कुठलं?”

“यमुनानं काढलेलं.”

“भेसळीचं म्हणून परत आणलंत?”

“आज सकाळी थिजलं होतं,” मी म्हणाले. “दगड झालं होतं. गाडीत विरघळलं.”

बोलताना माझं मलाच ते खोटं वाटलं. तिनं वाटीकडं बघितलं, माझ्या लुगड्याकडं बघितलं. “असं होय,” ती म्हणाली. पोरगं शाळेला का गेलं नाही याचं कारण सांगतं, तेव्हा म्हणतात तसं.

यमुना दारात येऊन उभी होती, हातात सूप. पुढं आली नाही, आतही गेली नाही. आता माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. मी वाटीकडं बघून बोलले, तिच्याकडं बघवलं नाही.

“तेल खरं हाय. मी बोलले ते खोटं. तुमच्या पोराचं नाव घेतलं, चार माणसांत घेतलं. माझं चुकलं.”

असं मी आधी कोणाला म्हटलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, आणि त्याच्या बाबतीत म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. म्हटल्यावर हलकं वाटतं असं ऐकून होते. मला काही हलकं वाटलं नाही.

“थिजलंच होतं ते,” यमुना म्हणाली.

“कधी?”

“त्या दिवशीबी. पहाटे चूल पेटवायला उठले तं वाटी बाहेर. घट्ट झालेली. मला वाटलं, हाताला लावायला काढलंत आणि विसरलात. तुमच्या भेगांतून रक्त येत होतं. मी चुलीपाशी ठेवून पातळ केलं आणि होती तिथं ठेवलं.”

“परत बाहेर कशाला ठेवलंस?”

“तुमची वस्तू हलवली की तुम्ही ओरडता.”

तिची आई तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. मी विचारलं, “मग तवाच का नाय सांगितलंस?”

“काय सांगणार? डोक्यावर तेल का ओतलं तेच मला कळलं नाय. मला वाटलं, तुमच्याकडं सुनेला घालत असतील. म्हणून गुमान बसले. मग तुम्ही भावाचं बोललात.” तिनं सूप खाली ठेवलं. “आणि तुम्ही विचारलंत कुठं?”

विचारलं नव्हतं. खरं होतं.

“चल घरी,” मी म्हणाले.

“वाल झोडायचे राहिलेत.”

ती येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. मी पदर खोचला आणि वाल झोडायला बसले. तो दिवस झोडले, रात्री तिच्या भावानं आणलेले मासे खाल्ले, भावालाही तेच तीन वाक्यांत सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरलेले वाल झोडले. संपल्यावर यमुना आत गेली आणि पिशवी घेऊन आली. वाटीतलं उरलेलं तेल तिनं एका छोट्या बाटलीत भरून घेतलं होतं.

परत येताना तिनं बाटली खिडकीच्या काचेला लावून धरली. मोखाडा गेल्यावर ऊन कललं, वारा गार झाला. खोडाळ्याच्या पुढं ती म्हणाली, “आत्या, बघा.” बाटलीच्या तळाशी धुकं आल्यासारखं झालं होतं. घर येईपर्यंत ते निम्म्यावर चढलं. आम्ही दोघी बघत होतो. एवढी वर्षं तेल थिजलेलं बघितलं, विरघळलेलं बघितलं; थिजताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

आता यमुनाच्याच हाताला भेगा पडतात, आणि मनीला वाटतं तिची आई जन्मतःच सूर्यमाळची. हिराचा तो मुलगा, ज्याला यमुनानं स्वतः जामसरला जाऊन दहा दिवस तेल चोळलं, तो आमच्या दारातून वाकून आत येतो. नवरा गेला. वाटी आहे. रीत मी मोडली. मनीच्या मोठ्या भावाची बायको येईल तेव्हा तिनं तेल कसंही काढावं, मी विचारून घेईन.

पण परत आलो त्याची दुसरी सकाळ सांगायची राहिली. मी उठले तेव्हा यमुना ओट्यावर उभी होती, हातात वाटी, आणि नवरा त्याच्या जागेवर विडी घेऊन. त्यानंच तिला सगळं सांगितलं असणार.

“आत्या, बसा खाली,” यमुना म्हणाली.

मी बसले. वाटी रात्री बाहेर होती की चुलीपाशी, ते तिलाच ठाऊक. मी विचारलं नाही, वाटीत बघितलंही नाही. तिनं ती माझ्या डोक्यावर पालथी केली. मी डोळे मिटले, पहिल्या वेळेसारखेच. खाली कोणाचा तरी कोंबडा आरवला. नवऱ्यानं काडी ओढली. डोक्यावर काही आलं नाही.

“उघडा डोळे,” ती म्हणाली. “नाय पडलं.”

“घाई करू नको,” मी म्हणाले. “अजून जरा धर.”

ऊन ओट्यावर येईपर्यंत तिनं धरली.